पोटदुखी, स्ट्रेस आणि एक चुकलेलं उत्तर

"स्ट्रेस आणि स्ट्रेन यात फरक काय?"

थर्ड सेमला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मित्रांनो, हा प्रश्न म्हणजे क्रिकेटमधला फुलटॉस. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मी माझ्या रूममेटला हेच समजावून सांगत बसले होते. आणि त्या क्षणी डोक्यात काहीच नाही! हात बर्फासारखे गार, तोंड कोरडं, पोटात कळ. मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आजही आठवत नाही. सर मात्र हसून म्हणाले, "बेटा, तू दोन्हीची अदलाबदल केलीस."

बाहेर येऊन सांगितलं तर रांगेतल्या मुली पोट धरून हसल्या. मीही हसले. पण माझं पोट खरोखरच दुखत होतं आणि ते त्या दिवशीच नव्हे, गेले दोन महिने दुखत होतं.

मॅगझिनसाठी मराठी विभागात काहीतरी लिहून दे म्हणून सर मागे लागले तेव्हा मला हीच ओरल आठवली. आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे वेळापत्रकातला एक तास आणि वर्षाअखेरचा एक पेपर. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. पण 'टेन्शन' हा विषय असा आहे की तो आपण सगळे मराठीतच घेतो! "लई टेन्शन आलंय" हे वाक्य आमच्या होस्टेलच्या जिन्यात दिवसातून किती वेळा ऐकू येतं, कोणी मोजलं तर स्टॅटिस्टिक्सचा एक प्रोजेक्ट होईल.

तर गंमत अशी, की मी ओरलला जी चूक केली तीच चूक एका फार मोठ्या माणसाने केलेली आहे. त्याचं नाव हान्स सेल्ये. जन्म १९०७ चा, व्हिएन्नाचा, मूळ घराणं हंगेरीचं, आणि काम केलं कॅनडात, माँट्रियलला. तो उंदरांना वेगवेगळी द्रव्यं टोचून कुठल्यातरी नव्या हार्मोनचा शोध घेत होता. हार्मोन सापडलं नाही. पण एक विचित्र गोष्ट दिसली. काहीही टोचा, थंडीत ठेवा, दमेपर्यंत पळवा, उंदरांच्या शरीरात तेच तीन बदल व्हायचे: मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगायच्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस आकसायची आणि जठरात जखमा व्हायच्या. त्रास कुठलाही असो, शरीराचं उत्तर एकच. १९३६ साली 'नेचर'मध्ये त्याने हे एका छोट्याशा टिपणात छापलं आणि पुढे या उत्तराला नाव दिलं 'स्ट्रेस'.

आता सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांना लगेच कळेल घोळ कुठे आहे. बाहेरून येतो तो लोड. त्यामुळे पदार्थाच्या आत, दर एकक क्षेत्रफळावर जे बल तयार होतं तो स्ट्रेस. आणि त्यातून आकारात जो बदल होतो तो स्ट्रेन. (मराठी परिभाषेत स्ट्रेनला 'विकृती' म्हणतात. सबमिशनच्या आठवड्यात आमच्या विंगमध्ये कोणी डोकावलं तर त्याला हा शब्द अगदी योग्य वाटेल.) सेल्ये बोलत होता ते शरीरात होणाऱ्या बदलाबद्दल, म्हणजे खरं तर स्ट्रेनबद्दल. पुढे त्यानेच कबूल केलं, की तेव्हा आपलं इंग्रजी अजून चांगलं असतं तर आपण 'स्ट्रेन' हाच शब्द घेतला असता. मग बाहेरच्या कारणाला काय म्हणायचं ही पंचाईत झाली, म्हणून 'स्ट्रेसर' असा आणखी एक शब्द काढावा लागला. एक्स्टर्नल सरांना हे तेव्हा सांगता आलं असतं तर!

पण शब्दाचा हा घोळ नुसता विनोद म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपण जेव्हा "मला टेन्शन आहे" म्हणतो तेव्हा लोडबद्दल बोलतो की आत चाललेल्या बदलाबद्दल, हे आपल्याला तरी कुठे माहीत असतं? मी दोन महिने म्हणत होते की टेन्शन फक्त ओरलचं आहे. पोट वेगळंच सांगत होतं.

पोटाचाच हिशोब आधी पाहू. शेतात चालताना सापावर पाय पडता पडता राहिला तर काय होतं? मेंदूकडून संदेश जातो, अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, काळीज धडधडतं, श्वास वाढतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं. कातडीकडे कमी जातं म्हणून बोटं गार पडतात. पचन त्या क्षणी महत्त्वाचं नसतं, म्हणून पोटाचा पुरवठा कमी होतो, तोंडातली लाळ आटते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ च्या आपल्या पुस्तकात हे सगळं मांडलं. 'लढा नाहीतर पळा' अशी ही व्यवस्था. त्याच्या मागोमाग कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन वाढतं. ते रक्तातली साखर वाढवून इंधन पुरवत राहतं. साप निघून गेला की अर्ध्या-पाऊण तासात गाडी हळूहळू न्यूट्रलला येते.

यात वाईट काही नाही. थोडं टेन्शन लागतंच. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून हे माहीत आहे की काम नीट व्हायला थोडी धाकधूक उपयोगी पडते. फार झाली, आणि काम अवघड असलं, की उलटं होतं. कॉर्टिसॉल चढलेलं असताना पाठ असलेली गोष्टही आठवायला जड जाते, हेही नंतरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. माझा फुलटॉस हुकला तो असा.

पण साप निघून जातो. एम-टू जात नाही.

हो, आता सांगूनच टाकते. माझा सेकंड सेमचा मॅथ्स-टू राहिला होता आणि मी घरी सांगितलं नव्हतं. बाबांनी फोनवर विचारलं तर "रिझल्ट चांगला आहे" म्हणाले. खोटं नव्हतं, बाकीचे विषय निघाले होते. बारावीपर्यंत आमच्या लातुरात मुलाची ओळखच टक्क्यांनी होते. 'लातूर पॅटर्न'चं नाव महाराष्ट्रभर आहे. अख्ख्या मराठवाड्यातून आणि त्याच्याही बाहेरून मुलं इथल्या ट्यूशन एरियात खोल्या घेऊन राहतात. अशा गावात एटीकेटी हा शब्द घरी उच्चारायचा म्हणजे... असो. एवढंच, की रोज संध्याकाळी सात वाजता फोन वाजायचा आणि सव्वासहापासून माझं पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांकडे गेले, त्यांनी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या. त्यांची चूक नाही. मी त्यांना जेवणाच्या वेळा सांगितल्या, फोनची वेळ सांगितली नाही.

इथे एक प्रश्न पडतो. विषय राहणं ही काही मोठी आपत्ती नव्हे. मग शरीर एवढं का कुरकुरतं? याचं उत्तर शोधताना मला २०१६ चं लातूर आठवलं.

तेव्हा मी अकरा वर्षांची. आम्ही भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर राहायचो (बाबांची बदली नंतर झाली, म्हणून मी आता होस्टेलला). मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शहराला नळाने पाणी देणं बंद झालं होतं. टँकर यायचा, पण कधी येईल याचा नेम नाही. मार्चमध्ये तर पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचं कलम १४४ लावलं गेलं. पाण्यासाठी १४४! मग मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आणि ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त खेपा झाल्या. 'जलदूत' हे तिचं नाव देशभर पेपरात झळकलं. आमच्या वर्गातल्या मुलांना ती गाडी बघायला जायचं होतं, जशी जत्रा असावी!

पेपरात न आलेली गोष्ट म्हणजे माझी आई. तिची झोप त्या चार-पाच महिन्यांत अशी झाली होती, की गल्लीत कुठल्याही गाडीचा हॉर्न वाजला की ती उठून बसायची. टँकर आला की टिपाड, घागरी, बादल्या, दोन मजले. भांडी घासलेलं पाणी संडासला, कपड्याचं पाणी फरशीला. माझ्या हातून एकदा पेलाभर पाणी सांडलं तेव्हा तिने मला मारलं आणि मग स्वतःच रडत बसली. तिचं डोकं दुखायचं, पाळी अनियमित झाली, वजन उतरलं. कोणी तिला 'स्ट्रेस' म्हणालं नाही. ती स्वतः तर नाहीच. "सगळ्यांचंच असं आहे की," एवढंच म्हणायची.

आमच्या जिल्ह्याने खरी मोठी आपत्तीही पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं, किल्लारी. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि जवळपास दहा हजार माणसं गेली. माझे आजोबा औसा तालुक्यातले. ते आजही उशाशी बॅटरी ठेवून आणि चपला दाराकडे तोंड करून झोपतात. तो धक्का वेगळा, त्यावर लिहायची माझी पात्रता नाही. पण निदान त्याला जग धक्का म्हणून ओळखतं. किल्लारीच्या मागून सरकार आलं, डॉक्टर आले, मानसिक त्रासाचा अभ्यास करणारेही आले. टँकरची वाट पाहणाऱ्या बाईकडे कोण येणार?

मानसशास्त्रातही बराच काळ असंच होतं. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोघांनी आयुष्यातल्या त्रेचाळीस घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, अशी. गुणांची बेरीज जास्त तर आजारी पडायची शक्यता जास्त. ही यादी खूप गाजली. मग १९८१ मध्ये कॅनर, लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटीकडून पाहिलं. त्यांनी मध्यमवयीन माणसांकडून रोजच्या बारीकसारीक कटकटी नोंदवून घेतल्या: वस्तू हरवणं, वाढते भाव, कामांचा ढीग, वजनाची काळजी. आणि आढळलं असं, की मानसिक त्रासाचा अंदाज मोठ्या घटनांपेक्षा या कटकटींवरून जास्त चांगला येतो.

हे वाचल्यावर मला फटिगचं चॅप्टर आठवलं. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणारी एक आगगाडी इंजिनाचा आस तुटून घसरली, आग लागली, पन्नासहून जास्त माणसं मेली. त्या काळात असे आस तुटायचे आणि कोणाला कारण कळत नसे, कारण लोड तर मर्यादेच्या आतच असायचा! ऑगस्ट व्योलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनियरने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून तपासले आणि दाखवून दिलं, की एका दणक्यात जो लोड आस सहज पेलतो, तोच लोड लाखो वेळा येत-जात राहिला तर एक बारीक तडा पडतो, वाढत जातो, आणि एक दिवस... आपल्या एस-एन कर्व्हचा जन्म इथला. त्यात आणखी एक बारकावा आहे जो मला फार आवडतो. पोलादाला साधारणपणे एन्ड्युरन्स लिमिट असते, त्याखालचे स्ट्रेस कितीही वेळा आले तरी चालतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट लिमिट नसते. दोन्ही धातू कामाचेच, अ‍ॅल्युमिनियमची विमानं उडतात. फक्त त्यांची तपासणी वेळोवेळी करावी लागते. होस्टेलला "तिला बघ, ती कशी सगळं मॅनेज करते" असं कोणी म्हणालं की मला हे आठवतं.

माणूस आणि धातू यात एक फरक मात्र आहे. धातूतला तडा विश्रांतीने भरून येत नाही. माणसाचं बरंच काही भरून येतं, रात्री झोप मिळाली तर.

आता तडा ओळखायचा कसा? मी इथे यादी देणार होते, पण माझी रूममेट म्हणाली, "यादी कोण वाचतंय, माझंच लिही." तेव्हा तिच्या परवानगीने. ती कंधारकडची, आमच्या बॅचची टॉपर. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ती रात्री बारा वाजता कपडे धुवायला लागली. मग दुपारी झोपायला लागली. घरचा फोन वाजत ठेवायची. मी काही बोलले तर "तुला काय करायचंय?" म्हणायची. मला वाटलं, टॉपरचा माज. दोन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही! ज्या मुलीला स्वतःच्या पोटदुखीचं कारण दोन महिने कळलं नव्हतं, तिला दुसरीचं काय कळणार म्हणा.

तिचं ओळखलं कोणी, तर मेसच्या काकूंनी. त्यांनी रेक्टर मॅडमना सांगितलं, "ती चष्म्याची पोरगी आठ दिवस झाले भाकरीला आली नाही." मॅडम रूमवर आल्या, लेक्चर दिलं नाही, कॉटवर बसल्या आणि तिच्याबरोबर चहा प्यायल्या. तासाभराने तिने सांगितलं की सकाळी उठावंसं वाटत नाही आणि आपण नसलेलंच बरं असं मनात येतं. मॅडमनी घरी कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन त्या इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं ते 'टेन्शन' नव्हतं, डिप्रेशन होतं. औषधं, दर आठवड्याला बोलणं, आणि त्या सेमला दोन पेपर सोडले. आज ती शेजारच्या कॉटवर बसून माझं शुद्धलेखन तपासते आहे.

म्हणून स्टाफच्या वाचकांना एक विनंती. हजेरीपट आणि मार्कलिस्टमध्ये हे उशिरा दिसतं, मेसच्या ताटात लवकर दिसतं. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं आहे, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. तो असेलच, पण काकूंनाही विचारत जावं.

मित्रांनो, आपल्यासाठी खूण एवढीच लक्षात ठेवा: बदल. जो बडबड्या होता तो गप्प, जी शांत होती ती कशावरूनही चिडते, जेवण, झोप, आंघोळ यांची घडी विस्कटते, आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही. चार दिवस सबमिशनमुळे असं झालं तर झालं. दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली. आणि मरणाचा विचार बोलण्यात आला तर दोन आठवडे थांबू नका. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, रेक्टर, सर, कोणालाही उठवा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एकदा लावला आहे. पलीकडच्या ताईंनी माझं नावसुद्धा आग्रहाने विचारलं नाही.

रोजच्या टेन्शनचं काय करायचं, यावर उपदेश करणारे पुष्कळ आहेत. मला काय लागू पडलं तेवढं सांगते. रात्रीचा चहा बंद केला. कॅफिनचा अर्धा भाग पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो, म्हणजे अकराचा कप पहाटे चारलाही ड्यूटीवर! पीएलमध्ये रात्र जागून चार तास वाचण्यापेक्षा झोपून उठून दोन तास वाचलेलं जास्त राहतं, कारण दिवसभराचं वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. व्हायव्हाच्या रांगेत श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावते: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाचा वेग उतरतो, यात चमत्कार काही नाही. संध्याकाळी बांधकामाच्या साइटपर्यंत चालून येते. सिगरेट आणि गुटख्याने टेन्शन जातं म्हणणाऱ्या मुलांना सांगायचं, की जातं ते तलफेचं टेन्शन, जे त्या पुडीनेच आणलेलं असतं. आणि झोपायच्या आधी 'पाचच मिनिटं' रील्स बघणं, यावर मी बोलायला नको. माझंच अजून सुटलेलं नाही.

पण खरं सांगायचं तर यातल्या कशानेही माझं सातचं पोट थांबलं नव्हतं. हे सगळं लोड पेलायच्या युक्त्या. माझा लोड एम-टू नव्हताच, तो होता न सांगणं. कागदावर दोन रकाने केले तेव्हा ते दिसलं: माझ्या हातातलं, आणि हातात नसलेलं. रिझल्ट दुसऱ्या रकान्यात गेला. फोन पहिल्या.

ओरलच्या त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं. वाक्य चार वेळा पाठ केलं होतं, तरी अडखळले.

"एकच विषय ना?" आई म्हणाली. "मला वाटलं दवाखान्यात काय निघालंय का काय. दोन महिने आवाज कसा झालता तुझा." मग फोन बाबांकडे गेला. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, फॉर्म भरायची तारीख कधी आहे, पैसे टाकतो. थोडे रागावले असावेत. दोन दिवस कमी बोलले, तिसऱ्या दिवशी नेहमीसारखे. एम-टू पुढच्या अटेम्प्टला निघाला, काठावर. पोट त्याच्या कितीतरी आधी थांबलं.

त्या दिवशी फोन ठेवताना आईने नेहमीचा प्रश्न विचारला. धरण २०१६ च्या पावसाळ्याअखेरीस भरलं, आम्ही लातूर सोडलं, तरी तिचा प्रत्येक फोन यावरच संपतो: "होस्टेलला पाणी आहे ना गं?"

आहे म्हटलं, नळाला येतं, टाकी आहे.

"तरी एक बादली भरून ठेव."

ठेवली.